लूकने लिहिलेला एक शब्द: दररोज

बसमध्ये असाल, लोकलमध्ये दाराशी उभे असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासता घासता कानात इअरफोन घालून ऐकत असाल, जिथे असाल तिथे पुढची पंधरा-सोळा मिनिटं सोबत राहा. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखी ही लिखित प्रत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एका बहिणीने लिहिलं, "दादा, बायबल ॲपवर माझी 140 दिवसांची स्ट्रीक होती. ताप आला, दोन दिवस फोन हातात घेतला नाही, स्ट्रीक तुटली. आणि मला खरंच असं वाटलं की मी देवापासून लांब गेले. विश्वासात वाढतोय की नाही हे कळतं तरी कसं?"

प्रश्न छान आहे, आणि तो फक्त तिचा नाहीये. आपली पिढी सगळं मोजते. पावलं मोजतो, झोप मोजतो, स्क्रीन टाइम मोजतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आमच्याकडे तर भिंतीवर डॅशबोर्ड लावलेला असतो. हिरवं दिसलं की सगळे खूश. त्यामुळे विश्वासाचाही एक हिरवा दिवा असावा असं वाटणं साहजिक आहे.

पण ॲपला काय कळतं? तुम्ही ॲप उघडलं, एवढंच कळतं. ते बंद करून तुम्ही किचनमध्ये गेलात आणि आईशी कसं बोललात, हे त्याला कळत नाही. ऑफिसच्या कॅबमध्ये कोणाबद्दल काय बोललात, हेही कळत नाही. आणि वाढ तर तिथेच दिसते.

म्हणून आज आपण एकच शब्द घेणार आहोत. दररोज.

शिष्य व्हायचं असेल तर स्वतःला नाकारून, वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असं येशू म्हणाला, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं असतं. ही गोष्ट मत्तयच्या 16व्या अध्यायात आहे, मार्कच्या 8व्या अध्यायात आहे आणि लूकच्या 9व्या अध्यायात आहे. आज रात्री तिन्ही जागा उघडून शेजारी शेजारी वाचा. लूकमध्ये एक शब्द जास्तीचा सापडेल. वधस्तंभ दररोज उचला, असं फक्त लूक लिहितो.

आता विचार करा. त्या काळच्या माणसाला वधस्तंभ म्हणजे गळ्यातलं लॉकेट नव्हतं. रोमी सरकार ज्याला मारायला नेत असे, त्याच्या खांद्यावर ते लाकूड असायचं. गावच्या लोकांनी ते बघितलेलं होतं. तसा माणूस एकदाच मरतो. मग दररोज कसं काय? म्हणजे लूक इथे मरण्याबरोबर जगण्याबद्दलही बोलतोय. सकाळी उठल्यावर, आजच्या दिवसात, एका कोणत्या तरी जागी माझं म्हणणं, माझी सोय, माझी भीती खाली ठेवायची आणि येशूचं ऐकायचं. उद्या परत. परवा परत.

हे ऐकायला फार आध्यात्मिक वाटतं, म्हणून मी आज दोनच जागा घेतो. एक ताट, दुसरं पाकीट. या दोन जागी आपल्याला सगळ्यात लवकर घाम फुटतो.

आधी ताट.

पेत्राला आपण सगळे ओळखतो. येशूबरोबर राहिला, त्याला नाकारलं, रडला, परत उभा राहिला. पन्नासाव्या दिवशी हजारोंसमोर बोलला. पुढे प्रेषितांची कृत्ये, 10वा अध्याय. यापो गावात छपरावर प्रार्थना करताना त्याला दृष्टान्त झाला. देवाने जे शुद्ध केलं त्याला विटाळलेलं म्हणू नकोस, असा त्याचा अर्थ त्याला कळला. तो कैसरियात कर्नेल्याच्या घरी गेला. कर्नेल्य परका माणूस, रोमी सैन्यातला अधिकारी. पेत्र त्याच्या घरात शिरला, तिथे पाहुणा म्हणून राहिला. यहुदी माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

आपल्याला वाटतं, झालं, पेत्र शिकला. पण आता गलतीकरांस पत्र, 2रा अध्याय काढा. गाव अंत्युखिया. पेत्र तिथे विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसून जेवत होता. मग यरुशलेमकडून काही माणसं आली. आणि पेत्र हळूच मागे सरकला. त्यांच्यासोबत जेवायचा बंद झाला. का? लोक काय म्हणतील! त्याचं बघून बर्णबासुद्धा तसाच वागायला लागला. शेवटी पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की हे सुवार्तेला धरून नाही.

गंमत बघा. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा ज्या गावात मिळालं, ते गाव अंत्युखियाच. कृत्ये, 11वा अध्याय. म्हणजे आपलं नाव जिथे पडलं, तिथेच आपली परीक्षा ताटावर झाली. आणि नापास कोण झालं, तर साक्षात पेत्र. एवढा मोठा दृष्टान्त पाहिलेला माणूस. कारण दृष्टान्त एकदा झाला होता, पण पंगतीला रोज बसायचं होतं.

हे आपल्या मातीत आणून बघू. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी काहींनी शाळेत धड्यापुरती वाचली असतील. पूर्ण वाचा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मध्ये पाच वर्षं गेली. पतीकडे परत आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. कोणी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जात ही देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतः, स्वतःच्या डोक्याने केला, आणि ती माणसाने केली अशा निर्णयावर त्या आल्या. आधी शिवाशिव गेली, बाप्तिस्मा नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या आयुष्यात येशूच्या मागे जाणं आधी पाण्याच्या भांड्यापाशी दिसलं, मग मंडळीच्या रजिस्टरमध्ये.

आता आपण. आपण म्हणू, आमच्यात कुठे सोवळं? बरं. तुमच्या फ्लॅटवर भांडी घासायला, केर काढायला मावशी येतात. त्यांना चहा देता, चांगली गोष्ट आहे. कप कोणता देता? ओट्याच्या कोपऱ्यात एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असतो का? त्या खाली बसून चहा पितात की खुर्चीवर?

आणि लग्नं. रविवारी आपण सगळे एका भाकरीतून प्रभुभोजन घेतो. ख्रिस्तात सगळे एक, असं मोठ्याने गातो. आणि स्थळ बघायला बसलं की घरातलं कोणी तरी आवाज खाली करून विचारतं, "ते सगळं ठीक आहे हो, पण मूळचे कोण?" हा प्रश्न तुम्ही ऐकलाय. मीही ऐकलाय, एका चांगल्या, प्रार्थनाशील घरात. विचारणारी माणसं वाईट नव्हती. पेत्रही वाईट नव्हता. पण अंत्युखियात जे झालं ते हेच होतं.

आपण लहान आहोत, मोठ्यांना काय बोलणार, असं वाटेल. आदर सोडायची गरज नाही. "आजी, मला ते विचारायचं नाहीये, आणि माझ्यासाठी कोणी विचारूही नये," एवढं वाक्य शांतपणे म्हणता येतं. म्हणताना छाती धडधडेल. ती धडधड म्हणजेच आजच्या दिवसाचा वधस्तंभ. स्ट्रीकमध्ये त्याची नोंद होणार नाही.

आता दुसरी जागा, पाकीट.

लूक, 19वा अध्याय. यरीहो गाव. जक्कय बुटका होता, उंबराच्या झाडावर चढला, हे गाणं आपल्या सगळ्यांना अभिनयासकट येतं. मोठं झाल्यावर त्या गोष्टीकडे परत बघा. जक्कय मुख्य जकातदार होता. म्हणजे त्याची कमाई सिस्टिममधूनच यायची. वरून ठरलेलं भरायचं, मधलं आपलं. सगळेच करतात. येशूने त्याला काय सांगितलं? आधी पैसे परत कर, मग मी येतो, असं नाही सांगितलं. मी आज तुझ्या घरी उतरणार आहे, एवढंच सांगितलं. लोक कुरकुरले, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

क्रम लक्षात घ्या. कृपा आधी, हिशोब नंतर. पण हिशोब आला. आकड्यांसकट आला. अर्धी. चौपट. मी आता चांगला माणूस होईन, असं गोलगोल तो बोलला नाही. त्याचा विश्वास वहीत दिसायला लागला.

आमच्या क्षेत्रात ती वही म्हणजे टाइमशीट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयटीमध्ये बऱ्याच ठिकाणी आपण किती तास कोणत्या क्लायंटच्या कामावर घालवले हे आठवड्याला भरायचं असतं. त्यावरून क्लायंटला बिल जातं. एका प्रोजेक्टवर असताना एका शुक्रवारी आमच्या टीमला सांगण्यात आलं की या आठवड्यात तीन दिवस तुम्ही आतल्या टूलवर काम केलंत, पण टाइमशीटमध्ये पाचही दिवस क्लायंटच्या नावावर टाका. आठ-आठ तास. कोणी ओरडून सांगितलं नाही. हसत हसत, समोसे खाताना सांगितलं. सगळीकडे असंच असतं रे, क्लायंटकडे खूप पैसा आहे.

मी घरी येऊन बराच वेळ ती स्क्रीन उघडून बसलो होतो. पाच रकाने. त्या क्षणी मला कोणतंही मोठं वचन आठवलं नाही. मत्तयच्या 5व्या अध्यायातलं एवढंच आठवलं की शपथा घेत बसू नका, तुमच्या साध्या हो-नाहीवर लोकांना विश्वास ठेवता आला पाहिजे. मी दोन दिवस क्लायंटच्या नावावर टाकले, तीन दिवस आतल्या कामाच्या. आणि सोमवारी मॅनेजरना भेटून, मेल न करता, समोर बसून सांगितलं की सर, मी खरं होतं तेवढंच भरलंय.

पुढे काय झालं? सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मॅनेजर बदलले नाहीत, मला शाबासकी मिळाली नाही. पुढच्या अप्रेझलमध्ये मला जे अपेक्षित होतं ते मिळालं नाही. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. घरी हप्ता चालू होता, त्यामुळे ते लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण साक्षीमध्ये आपण नेहमी शेवटी प्रमोशन जोडतो. प्रभूने प्रमोशनचं वचन दिलेलं नाही. वधस्तंभ उचला म्हणाला, आणि वधस्तंभाला वजन असतं.

अजून एक. त्याच शुक्रवारी आमच्या टीममधल्या एका टेस्टर मुलीनेही खरेच तास भरले होते. मला हे नंतर कळलं. ती ख्रिस्ती नाही. दर वर्षी गणपतीला पंधरा दिवस आधीपासून कोकणाच्या गाडीचं तिकीट शोधत असते. मी तिला विचारलं, तू का नाही भरलंस? ती म्हणाली, "अरे, खोटं कशाला लिहायचं?" बस. मला तीन दिवस प्रार्थना करून जे जमलं, ते तिला एका वाक्यात जमलं. त्यामुळे खरेपणा ही आपल्या मंडळीची मक्तेदारी आहे असं कोणी समजू नये. कर्नेल्याच्या घरातून बाहेर पडताना पेत्राला काय वाटलं असेल, याची मला त्या दिवशी थोडी कल्पना आली.

मग कोणी म्हणेल, दादा, रोज असं लढायचं? थकून जाऊ. आणि इतकं करून मी आतून बदललेलो दिसत नाही.

इथे मला पंडिता रमाबाईंबद्दल बोलायचंय. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी. 1883 साली इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये त्यांनी पाहिलं की समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी जवळ करतायत, त्यांची सेवा करतायत. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्या भगिनीने त्यांना योहान, 4था अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी स्त्री. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, ती गोष्ट. बघा, इथेही पाण्याचं भांडं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

आता पुढचं ऐका. 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहून काढली. त्यात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळायचा होता. आठ वर्षं! आणि ही वर्षं काही रिकामी नव्हती. या काळात त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघणाऱ्याला डॅशबोर्ड पूर्ण हिरवा दिसला असता. आतून त्या अजून शोधत होत्या. आणि तसं मान्य करायला त्या लाजल्या नाहीत.

त्यानंतर काय केलं? दुष्काळात उपाशी मुली-बायका गोळा करून केडगावला आणल्या, मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतलं, साध्या बायकांना वाचून कळेल अशा मराठीत. ते छापण्याचं काम केडगावच्या बायकांनीच केलं. 1921 साली त्यांची मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झालं. भाषांतर म्हणजे काय असतं? आज हा शब्द, उद्या तो शब्द, परवा प्रुफं. दररोज याला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

मार्कच्या 4थ्या अध्यायात येशू एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी उगवतं. कसं उगवतं ते त्याला ठाऊक नसतं. आपल्यापैकी ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. पेरून झाल्यावर कोणी रोज माती उकरून बघत नाही, मोड आला का म्हणून. उकरलं तर रोपच मरेल. पण पाणी द्यायला तो रोज जातो. तण काढायला रोज वाकतो. त्याचं काम तेवढं. उगवणं देवाकडे.

म्हणून त्या बहिणीला माझं उत्तर असं. ताई, तुझी स्ट्रीक तुटली, तू तुटली नाहीस. तापात पडलेल्या माणसाला येशू आकडे विचारत नाही. पेत्राची सासू तापाने पडली होती तेव्हा त्याने तिचा हात धरून तिला उठवलं, एवढंच लिहिलंय. बरं वाटलं की परत वाचायला बस, कारण वाचन हे जेवण आहे. जेवणाशिवाय ताकद येणार नाही. पण जेवलो किती वेळा हे मोजून कोणी धावायला शिकत नाही.

मग या आठवड्यात काय करायचं? तीन छोट्या गोष्टी.

पहिली. रात्री झोपण्याआधी फोन बाजूला ठेवून स्वतःला एकच प्रश्न विचारा. आज कोणत्या जागी येशूचं ऐकलं असतं तर मला काही तरी सोडावं लागलं असतं? उत्तर मिळालं तर उद्यासाठी तीच जागा. नाही मिळालं तर झोपा निवांत. शेतकरीही झोपतो.

दुसरी. किचनमधला तो वेगळा कप शोधा. सापडला तर काढून टाका, आणि मावशींना तुमच्यासारख्याच कपात, तुमच्यासोबत बसून चहा द्या. भाषण देऊ नका. फक्त चहा.

तिसरी. एकटे राहू नका. पेत्राला पौल होता म्हणून तो सावरला. तुमच्या मंडळीत, तरुण संघात असा एक जण शोधा जो तुम्हाला तोंडावर सांगू शकेल, आणि सांगितल्यावरही तुमच्याच ताटात जेवेल.

चला, थोडी प्रार्थना करू. गाडी चालवत असाल तर डोळे उघडेच ठेवा.

प्रभू येशू, तू जक्कयाच्या घरी बोलावण्याआधीच गेलास, तसा आमच्याही घरी येतोस म्हणून तुझे आभार मानतो. आमची ताटं आणि आमच्या वह्या तुझ्यासमोर उघड्या आहेत. उद्या सकाळी जी एक जागा तू दाखवशील, तिथे पळून न जाण्याची ताकद दे. ज्यांना खरं वागल्याची किंमत मोजावी लागतेय, त्यांच्या घरचा हप्ता, घरची चूल तुझ्या ध्यानात असू दे. आणि जे थकलेत त्यांना शांत झोप दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

पुढच्या भागात आपण क्षमेबद्दल बोलणार आहोत, म्हणजे ज्याला ब्लॉक केलंय त्याचं काय करायचं, यावर. प्रश्न पाठवत राहा. आणि हा भाग कोणाला उपयोगी पडेल असं वाटलं, तर ग्रुपवर टाकण्याऐवजी त्या एका माणसाला पाठवा, आणि नंतर एक फोनही करा.

येतो मग. सलाम.